खासदारांचे प्रश्न लिहायचं काम : चोपड्याच्या एका आईला उत्तर

ताई, नमस्कार.

लेक राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, अधिवेशन लागलं की संसद टीव्हीसमोरून हलत नाही आणि तिला एखाद्या खासदाराकडे संसदीय सहाय्यक, म्हणजे त्यांचे प्रश्न आणि टिपणं तयार करणारं माणूस, व्हायचंय, असं आपण लिहिलंय. भाऊबंद म्हणतात की हे पुढाऱ्यांच्या मागे फिरणं झालं, त्यापेक्षा बी.एड. कर. हे खरंच काम आहे का आणि खेड्यातल्या पोरीला जमेल का, असं आपण विचारता.

काम खरं आहे. खासदाराला मिळणाऱ्या कार्यालयीन भत्त्यातला एक भाग सहाय्यकाच्या पगारासाठीच असतो. पण ही कायम नोकरी नव्हे. खासदार पडला की काम संपतं. म्हणून याकडे दोन-तीन वर्षांचं शिक्षण म्हणून बघा, आणि सोबत एलएल.बी.चा विचार ठेवा. जळगाव-धुळ्यात त्याची सोय आहे.

जमेल का, हे मात्र दिल्लीला जाण्याआधी घरबसल्या तपासता येतं. तिला एक प्रश्न लिहायला सांगा. या कामाची खरी परीक्षा तिथेच होते.

लोकसभेत दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न यादीत येतात. तारांकिताला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकिताचं उत्तर लेखी मिळतं. प्रश्नाची सूचना (नोटीस) किमान पूर्ण 15 दिवस आधी द्यावी लागते, ती हिंदीत किंवा इंग्रजीत, 150 शब्दांच्या आत. प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो. पुढे क्रम चिठ्ठ्या काढून ठरतो. म्हणजे चांगला प्रश्नही मागे पडू शकतो. तो नशिबाचा भाग झाला. पण बरेच प्रश्न त्याआधीच, लिहिण्यातल्या चुकीमुळे बाद होतात.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. वादळात केळी आडवी झाली आणि विम्याचे पैसे आले नाहीत. नवशिका लिहितो, ‘शेतकऱ्यांची फसवणूक होत असताना सरकार गप्प का?’ यात आरोप आहे, गृहीतक आहे, माहिती मागितलेलीच नाही. हा प्रश्न टिकत नाही. दुसरा लिहितो, ‘तलाठ्यानं पंचनामा का केला नाही?’ तो राज्याचा विषय, दिल्लीचा मंत्री त्याला बांधील नाही. टिकणारा प्रश्न कृषिमंत्र्यांना असा जातो : हवामानाधारित फळपीक विम्यात जळगाव जिल्ह्यातल्या केळीसाठी गेल्या तीन वर्षांत वर्षनिहाय किती अर्ज आले, किती दावे मंजूर झाले, किती प्रलंबित आहेत व कारण काय, वाऱ्याचा वेग मोजणारी केंद्रं किती महसूल मंडळांत चालू आहेत, केंद्र सरकारच्या हिश्शाची रक्कम कधी दिली. मंडळात केंद्रच बंद असेल तर वाऱ्याची नोंद होत नाही आणि दावा अडकतो. हे रावेर-यावलच्या पोरीला ठाऊक असतं, दिल्लीच्या मुलाला नसतं. आपल्या लेकीचं भांडवल हेच, ते कमी लेखू नका.

तारांकित प्रश्न लागला की पुरवणी प्रश्न तयार ठेवणं ही त्याहून बारीक कला. मूळ प्रश्नकर्त्याला दोन पुरवणी मिळतात. मंत्र्यांच्या लेखी उत्तरात कोणता आकडा टाळलाय हे प्रश्नोत्तराचा तास सुरू होण्याआधी हेरावं लागतं. 20 पैकी मोजकेच प्रश्न पुकारले जातात, तरी तयारी सगळ्यांची करावी लागते.

ज्या मुद्द्याला प्रश्नाचा साचा बसत नाही तो लोकसभेच्या कामकाजाच्या नियम 377 खाली मांडता येतो, 250 शब्दांत. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. त्यासाठी धुळ्यातल्या भूसंपादनाचं काम अडलं, तर ते इथे चांगलं बसतं. खासगी विधेयकांना, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं मांडलेल्या विधेयकांना, एकाआड एक शुक्रवारचे अडीच तास असतात, सूचना महिनाभर आधी. आजवर अशी फक्त 14 विधेयकं मंजूर झाली, शेवटचं 1970 मध्ये. त्यामुळे तिनं शक्ती प्रश्न आणि सरकारी विधेयकांच्या टिपणांवर लावावी. टिपण दोन पानांचं हवं : कोणतं कलम बदलतंय, आधी काय होतं, कोणाला झळ बसेल, विधेयक तपासणाऱ्या खासदारांच्या स्थायी समितीनं काय म्हटलंय.

शिरकावाची वाट म्हणून पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे. ती पावसाळी अधिवेशनापासून सुरू होते आणि एका खासदाराबरोबर काम मिळतं. वयाची अट त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. निवडीत इंग्रजी लेखन तपासतात. तिचा कच्चा दुवा तोच असेल, तर रोज एक लेखी उत्तर इंग्रजीत वाचून त्याचा चार ओळींत सारांश लिहायला लावा.

पुढचं अधिवेशन जाहीर झालं की संसदेच्या संकेतस्थळावर सरकारच्या नियोजित विधेयकांची यादी येते. त्यातलं एक निवडून टिपण, आणि खान्देशावर पाच प्रश्न, एवढं तिनं तयार करावं. मग हीच कागदपत्रं घेऊन आपल्या मतदारसंघाच्या खासदारांच्या कार्यालयात जाऊन भेटावं. शिफारसपत्र नेऊ नका. तिथल्या स्वीय सहाय्यकाला नेटका प्रश्न लिहिणारं माणूस नेहमीच हवं असतं.