शेवटची ओळ वाचता आली, तरी दृष्टिपटल तपासायचे का?

प्रश्न : माझे वय 47 वर्षे, वजन 60 किलो आहे. ल्यूपससाठी (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते, तो आजार) गेली नऊ वर्षे मी हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची 200 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा घेते. मधली काही वर्षे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडही घेत होते. या गोळीने डोळे जातात, असे एका नातेवाइकांनी सांगितल्यापासून झोप उडाली आहे. नुकताच चष्म्याचा नंबर तपासला, तेव्हा तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली आणि डोळे उत्तम असल्याचे सांगण्यात आले. मी गोळी बंद करावी का?

उत्तर : गोळी स्वतःहून बंद करू नका. ल्यूपस उसळू न देण्याचे आणि मूत्रपिंडांना जपण्याचे काम हीच गोळी करते. शिवाय ती शरीरातून पूर्णपणे जायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे पंधरा दिवस गोळी न घेतल्याने डोळ्यांना विश्रांती मिळत नाही, आजाराला मात्र डोके वर काढायची संधी मिळते.

तरीही तुमची शंका रास्त आहे, आणि तक्त्याच्या भरवशावर ती सोडून देऊ नये. हे औषध दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या, मागील पेशींमधल्या रंगद्रव्याला चिकटून राहते आणि वर्षानुवर्षांनी तिथल्या पेशींना इजा करू शकते. ही इजा बहुधा दृष्टीच्या नेमक्या मध्यबिंदूला सोडून त्याच्याभोवती कड्यासारखी पसरते. मध्यबिंदू शाबूत असल्याने तक्त्यावरचे एकेक अक्षर नीट दिसते. पण पुस्तक वाचताना नजर ज्या अक्षरावर आहे त्याच्या शेजारची दोन-तीन अक्षरे पुसट होतात किंवा गळतात, आणि माणूस चष्म्याला दोष देत राहतो. इतके जाणवू लागते तोवर बरेच नुकसान झालेले असते, ते भरून येत नाही, आणि औषध थांबवल्यावरही कधीकधी वाढत राहते.

आता मात्रेचा हिशेब करू. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने 2016 मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार रोजची मात्रा प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोमागे 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी. तुमच्यासाठी ही मर्यादा 300 मिलिग्रॅम होते आणि तुम्ही 400 घेत आहात. एक दिवस एक व दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेतल्यास सरासरी 300 होते, पण तो बदल तुमच्या संधिवाततज्ज्ञांनीच ठरवायचा आहे, कारण आजार किती आटोक्यात आहे हे त्यांना ठाऊक असते. मर्यादेतल्या मात्रेवर पहिल्या पाच वर्षांत धोका एक टक्क्याहून कमी, दहा वर्षांपर्यंत दोन टक्क्यांहून कमी असतो. वीस वर्षांनंतर मात्र तो वीस टक्क्यांच्या आसपास जातो. मूत्रपिंडे दुबळी असली की औषध शरीरात साठते, म्हणून ल्यूपसच्या रुग्णांनी क्रिएटिनिनकडे, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीकडे, विशेष लक्ष द्यावे. स्तनाच्या कर्करोगावरचे टॅमॉक्सिफेन हे औषध चालू असेल तरी धोका वाढतो.

पहिली तपासणी औषध सुरू केल्याच्या वर्षातच व्हायला हवी आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. तुमची अजून झाली नसेल तर उशीर झालाच आहे. आणखी करू नका. दृष्टिपटलाचे थर दाखवणारे ओसीटी स्कॅन आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी, या दोन्ही कराव्यात. दुसऱ्या चाचणीत हनुवटी टेकवून समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि बाजूला प्रकाश चमकला की बटण दाबायचे असते. ती कंटाळवाणी आहे, तरी घाई करू नका. आशियाई वंशाच्या रुग्णांमध्ये इजा कधीकधी मध्यापासून बरीच दूर सुरू होते, त्यामुळे विस्तृत क्षेत्रही तपासण्यास सांगा.

प्रेडनिसोलोनचा परिणाम वेगळा असतो. त्याने मोतीबिंदू लवकर होऊ शकतो, जो शस्त्रक्रियेने काढता येतो. डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू झाला तर गेलेली दृष्टी परत येत नाही, म्हणून त्याच भेटीत दाबही मोजून घ्या.

जाताना एका कागदावर औषध सुरू केल्याची तारीख, रोजची मात्रा, वजन आणि शेवटचे क्रिएटिनिन लिहून न्या. पहिल्या ओसीटीचा अहवाल जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक वर्षी तुलना त्याच्याशीच करायची आहे.