बुकिंग रद्द केलं तर पाच लाख बुडाले का?

प्रश्न : मुलुंडला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ९० लाखांचा फ्लॅट बुक केला. चेकने ५ लाख भरले. अलॉटमेंट लेटर मिळून २४ दिवस झाले, करारनामा झालेला नाही. मिस्टरांची नोकरी गेली आणि बँकेने कर्ज नाकारलं. बिल्डरच्या ऑफिसात फोन केला तर म्हणतात, बुकिंग फॉर्मप्रमाणे सगळी रक्कम जप्त. तरी पुढच्या आठवड्यात साहेबांना भेटा.

उत्तर : ताई, पुढच्या आठवड्याची वाट बघू नका. तुम्ही पाठवलेलं लेटर मी शेवटपर्यंत वाचलं. बुकिंग रद्द झाल्यास किती कापायचं याचा तक्ता त्यात आहे, आणि तो महारेराने (बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने) २०२२ साली ठरवून दिलेल्या नमुन्यातलाच आहे. लेटरच्या तारखेपासून १५ दिवसांत रद्द केलं तर कपात शून्य. १६ ते ३० दिवसांत फ्लॅटच्या किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. म्हणजे आज रद्द केलंत तर ९० हजार जातील, ४ लाख १० हजार परत मिळायला हवेत. साहेबांच्या भेटीच्या नादात ३१वा दिवस उजाडला, की आणखी ४५ हजार गेले. नोकरी गेलेल्या घरात ही रक्कम थोडी नाही. आणि रद्द करायचं ते लेखीच करा, फोनवर सांगितलेलं उद्या सिद्ध करणं अवघड.

फॉर्मवरच्या 'जप्त' या शब्दाला घाबरू नका. फॉर्म आधीचा, लेटर नंतरचं, आणि त्यावर बिल्डरची सही आहे.

आजच साधं पत्र लिहा : फ्लॅट नंबर, लेटरची तारीख, बुकिंग रद्द करत आहे, तक्त्याप्रमाणे कपात करून बाकी रक्कम ४५ दिवसांत द्यावी. ईमेल तर कराच, पण ऑफिसात जाऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीखही घ्या. शिक्का द्यायला का-कू केली तर तिथून सरळ पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करा. चेक हाती येईपर्यंत मूळ पावती सोडू नका. 'फुल अँड फायनल', म्हणजे हिशोब पूर्ण मिटला, असं लिहिलेल्या कागदावर तर सही नकोच.

४५ दिवसांत पैसे आले नाहीत तर व्याजही मागता येतं. महारेराकडे ऑनलाइन तक्रार होते, फी ५ हजार रुपये. तिथल्या सलोखा मंचात, म्हणजे दोघांना समोरासमोर बसवून तडजोड घडवतात तिथे, बिल्डर बसायला तयार असेल तर आधी तोच मार्ग धरा. तिथे ग्राहक पंचायतीचा माणूसही समोर असतो.