'प्रभार' की 'भार'? आणि 'ऋण' म्हणजे कमी का?

प्रश्न असा आहे: मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'विद्युत प्रभार' (इंग्रजीतला 'इलेक्ट्रिक चार्ज') आहे, आमच्या वेळी 'विद्युतभार' होता, बरोबर कोणतं? आणि ज्या वस्तूवर इलेक्ट्रॉन जास्त झाले तिलाच 'ऋण प्रभारित' म्हणायचं, हे उलटं नाही का?

पहिल्याचं उत्तर झटकन देतो. 'विद्युतभार' चूक नाही. पण वीजबिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, उन्हाळ्यात भारनियमन होतं, आणि तिथला भार म्हणजे लोड. शिवाय भार म्हटलं की वजनच डोळ्यांसमोर येतं. काचेची कांडी रेशमावर घासली की काचेतले काही इलेक्ट्रॉन रेशमात जातात. कांडीवर धन प्रभार येतो आणि तिचं वजन, कुठल्याही तराजूला कळणार नाही इतकं, घटतं. भार आला आणि वजन घटलं, हे पोरांना समजावत बसण्यापेक्षा 'प्रभार' बरा. 'प्रभारी मुख्याध्यापक' आहेतच, पण तिथे कुणी फसत नाही. हिंदी पुस्तकांतला 'आवेश' मात्र नको. आपल्याकडे आवेश भाषणात येतो.

दुसऱ्या प्रश्नात खरी गंमत आहे. ऋण म्हणजे तूट, असंच नाव ठेवणाऱ्याच्याही मनात होतं! १७४७च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिन विजेला एकच प्रवाही पदार्थ मानत होता. तो ज्या वस्तूत जादा ती धन, ज्यात कमी ती ऋण. घासलेल्या काचेत तो जादा येतो, असा त्याचा कयास होता. कयास उलटा निघाला, पण ते कळायला फार उशीर झाला. जे. जे. थॉमसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९७मध्ये इलेक्ट्रॉन ओळखला तेव्हा ही नावं दीडशे वर्षं रुळलेली होती. ती कोण बदलणार? इलेक्ट्रॉनच्याच वाट्याला 'ऋण' आलं.

म्हणून हा 'ऋण' कर्जातला न धरता 'ऋण संख्ये'तला धरावा. प्रभारांची बेरीज चिन्हांसकट होते, एवढंच तो सांगतो. प्लास्टिकच्या कंगव्याने कोरडे केस विंचरले आणि कंगव्यावर एक नॅनोकूलोम (प्रभाराचं एकक कूलोम, त्याचा अब्जावा भाग) ऋण प्रभार आला, तर सुमारे ६२४ कोटी इलेक्ट्रॉन केसांतून त्याच्याकडे आले. केसांवर तेवढाच धन प्रभार उरला. बेरीज आधी शून्य, नंतरही शून्य. पुस्तकातली प्रभाराची अक्षय्यता ती हीच. इलेक्ट्रॉन अर्धामुर्धा येत नाही, त्यामुळे कंगव्यावरचा प्रभार नेहमी एका इलेक्ट्रॉनच्या प्रभाराच्या पूर्ण पटीतच भरतो. शून्य प्रभाराची वस्तू म्हणजे प्रभार नसलेली वस्तू, असंही समजू नये. तिच्यात धन आणि ऋण दोन्ही खच्चून भरलेले असतात, फक्त सारखे.

आणि जाता जाता: मोबाइल 'प्रभारित करा' असं शुद्ध मराठी कुणी सुचवलं तर ऐकू नका. शंभर टक्के चार्ज झालेल्या बॅटरीवरही एकूण प्रभार शून्यच असतो. चार्जरने एका टोकाकडून जेवढे इलेक्ट्रॉन खेचले तेवढेच दुसऱ्या टोकाला ढकलले. बॅटरीत साठली ती ऊर्जा. फोन चार्जच करावा.