चार दिवसांत छापून मिळणारे संशोधन

प्रश्न : माझा मुलगा पीक विमा योजनेवर पीएच.डी. करत आहे. गेल्या महिन्यात त्याला एका ‘आंतरराष्ट्रीय’ जर्नलचा ई-मेल आला. विज्ञान, आरोग्य, अभियांत्रिकी, कायदा आणि कृषी धोरण अशा सर्व विषयांवरचे शोधनिबंध ते छापतात, चार दिवसांत स्वीकृती कळवतात आणि साडेतीन हजार रुपये घेतात. त्यांच्याकडे आयएसएसएन क्रमांक आहे, इम्पॅक्ट फॅक्टरही (त्यातील निबंधांचा संदर्भ इतर संशोधक सरासरी किती वेळा देतात, तो आकडा) छापलेला आहे. मुलगा म्हणतो, सगळे असेच छापून घेतात. पैसे भरावेत का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : भरू नयेत. मात्र याचे कारण रकमेत नाही आणि विषयांच्या लांबलचक यादीतही नाही. अनेक विषयांना जागा देणारी उत्तम नियतकालिके आहेत. १८६९ पासून निघणारे ‘नेचर’ किंवा १९३२ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेले ‘करंट सायन्स’ ही त्यांतली ठळक नावे. लेखकाकडून शुल्क घेणारी प्रतिष्ठित नियतकालिकेही आहेत, कारण निबंध वाचकाला विनामूल्य मिळावा म्हणून त्यांनी खर्चाचा भार लेखकावर किंवा त्याच्या संस्थेवर टाकलेला असतो. शंका घ्यावी ती ‘चार दिवस’ या शब्दांची. पीक विम्यावरचा निबंध आला की तो कृषी अर्थशास्त्राच्या जाणकाराकडे जायला हवा. विमा हप्ता आणि भरपाई यांची तुलना कोणत्या महसूल मंडळांत केली, तीच मंडळे का निवडली, ज्या शेतकऱ्यांनी विमा काढला नाही त्यांची माहिती कोठे आहे, हे त्याने विचारायला हवे, आणि त्यावर आपल्या मुलाने उत्तर देऊन मजकूर सुधारायला हवा. एवढे होईपर्यंत महिने जातात. चार दिवसांत होते ती फक्त पावती.

शिवाय तपासणीची रीत प्रत्येक विद्याशाखेत निराळी आहे. वैद्यकीय चाचणीचा निबंध असेल तर नैतिकता समितीची परवानगी आणि भारतातील क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीतील क्रमांक पाहिला जातो. ही नोंदणी १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे. कायद्याच्या क्षेत्रात तर अमेरिकेतील नामवंत नियतकालिके विद्यार्थीच संपादित करतात आणि त्यांचा भर तळटिपेतला प्रत्येक संदर्भ पडताळण्यावर असतो. या सगळ्या शाखांचे परीक्षक पदरी असल्याचा दावा करणाऱ्या जर्नलने संपादक मंडळाची नावे व संस्था उघडपणे दिलेल्या असाव्यात. त्यांपैकी दोघांना पत्र लिहून विचारावे. आपले नाव तेथे आहे हे त्यांनाच ठाऊक नसते, असे प्रकार घडलेले आहेत.

ही भीती अतिरंजित वाटत असेल, तर २०१३ ची एक गोष्ट सांगतो. जॉन बोहॅनन या पत्रकाराने कर्करोगावरील औषधाविषयी मुद्दाम ढोबळ चुका असलेला बनावट निबंध ३०४ नियतकालिकांकडे पाठवला. लेखक काल्पनिक, त्याची संस्थाही काल्पनिक. १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला. त्याने निवडलेल्या नियतकालिकांपैकी सुमारे एक तृतीयांश भारतातील होती, हे आपल्याला बोचले पाहिजे. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने हैदराबादच्या एका प्रकाशकाविरुद्ध संशोधकांची दिशाभूल केल्याबद्दल ५ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा आदेश दिला.

सरकारी यादीवर विसंबून राहण्याची सोयही आता उरलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या जुन्या यादीची चिकित्सा पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. नंतर आलेली आयोगाचीच ‘यूजीसी-केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली आणि पारख करण्याची जबाबदारी संस्थांकडे आली. तेव्हा मार्गदर्शकांना टाळून निर्णय घेऊ नये. आयएसएसएन हा केवळ ओळख-क्रमांक आहे. त्यावरून दर्जा कळत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी जाहीर करते. तिच्या अहवालात नसलेला आकडा कोणी छापला असेल, तर तो त्याने स्वतःच्या मनाने छापला आहे.

‘सगळे असेच करतात’ यामागे बहुधा पदवीची घाई असते. आयोगाच्या २०२२ च्या नियमांत प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढून टाकली आहे. विद्यापीठाचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो, तो पाहून घ्यावा. निबंध चांगला असेल तर तो मुंबईच्या ‘इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल इकॉनॉमिक्स’कडे किंवा ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’कडे पाठवावा, एका वेळी एकाचकडे. नकार आला तरी परीक्षकाचे शेरे मिळाले, तर ते प्रबंधाच्या कामी येतील. निबंध आधीच त्या जर्नलकडे गेला असेल, तर तो मागे घेत असल्याचे आजच लेखी कळवावे आणि स्वामित्वहक्क जर्नलला देण्याच्या अर्जावर सही करू नये.

प्रश्न : एका विक्रेत्याने द्राक्षबागेसाठी जैवउत्तेजक (पिकाच्या वाढीला चालना देणारे उत्पादन) घेण्याचा आग्रह धरला आणि पुरावा म्हणून छापील शोधनिबंध दाखवला. ‘विद्यापीठाचे संशोधन’ म्हणून विश्वास ठेवावा का?
— एक बागायतदार, निफाड

उत्तर : वरच्या प्रश्नातल्यासारखी जर्नले अशा विक्रेत्यांच्याच उपयोगी पडतात. प्राध्यापकाने छापलेला निबंध आणि विद्यापीठाची शिफारस यांत फार अंतर आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या शिफारशी प्रयोगांची छाननी होऊन संयुक्त ॲग्रेस्को या त्यांच्या एकत्रित संशोधन समितीच्या बैठकीत मान्य होतात. विक्रेत्याकडे अशी शिफारस मागावी. जैवउत्तेजके २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत, म्हणून उत्पादनाला त्याखाली मान्यता आहे का, हेही विचारावे. निर्यातीची बाग असेल तर पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला आधी घ्यावा. एवढे होऊनही वापरून पाहायचेच असेल, तर फवारणी दोन ओळींपुरतीच करावी, शेजारच्या दोन ओळी तशाच सोडाव्यात आणि काढणीच्या वेळी दोन्हींचा माल वेगवेगळा तोलावा.