वाचक विचारतात : चौथऱ्यावरचे वाफेचे इंजिन

प्रश्न : आमच्या छोट्या संग्रहालयात मीटरगेजचे इंजिन उघड्यावर उभे आहे. दर वर्षी गणपतीआधी रंग देतो, तरी स्मोकबॉक्सच्या (धुरांड्याखालच्या धूरपेटीच्या) तळाला भोके पडली. कोणता रंग टिकेल?
– एक विश्वस्त, खानापूर

उत्तर : कोणताच नाही, कारण गंज आतून आला आहे. इंजिन बंद पडले तेव्हाची राख आणि काजळी स्मोकबॉक्समध्ये नि फायरबॉक्सच्या (कोळसा जळतो त्या पेटीच्या) कोपऱ्यांत बहुधा तशीच असते. कोळशातल्या गंधकामुळे ती ओली झाली की आम्ल तयार होते आणि पत्रा कुजतो. धुरांड्याचे तोंड उघडे असेल, तर खानापूरचा पाऊस थेट त्या राखेवरच पडतो.

मृग लागण्याआधी मास्क लावून सगळी राख कोरडीच खरवडून काढा. धुरांड्यावर पत्र्याची टोपी बसवा, पण बूच मारल्यासारखी नको. कडेने दोन बोटे फट ठेवून तिला जाळी लावा, नाहीतर कबुतरे घरटी करतील. बॉयलरच्या तळाचे वॉशआउट प्लग (धुण्याच्या भोकांची बुचे) काढून साचलेले पाणी आणि क्षारांचा गाळ बाहेर येऊ द्या. टेंडरची (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याची) टाकीही रिकामी करा, सिलिंडरचे ड्रेन कॉक (पाणी काढायच्या तोट्या) उघडे ठेवा. फायरबॉक्सचे दार किलकिले राहिले की बॉयलरच्या नळ्यांमधून हवा खेळते.

रंगाचा हंगामही चुकतो आहे. गणपतीआधी म्हणजे ऐन श्रावणात लोखंडाला घाम फुटलेला असतो. त्यावर दिलेला रंग फुगणारच. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन जमते त्यापेक्षा) निदान ३ अंश सेल्सिअस वर हवे. दिवाळीनंतर गंज काढून आधी झिंक फॉस्फेट प्रायमर द्या. बॉयलरच्या वेष्टनाखाली पांढरट, तंतुमय थर दिसला तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्याला हात लावू नका, झाडूसुद्धा नको. आधी प्रयोगशाळेत तपासणी, मग प्रशिक्षित माणसे.

प्रश्न : फायरबॉक्सच्या शेगडीच्या पट्ट्या नि ब्रेकचे ठोकळे गहाळ आहेत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतून घेता येतील का?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : जरूर. फक्त जुना तुकडाच साचा म्हणून फाउंड्रीत देऊ नका. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण १ टक्का आकसते, म्हणजे ६०० मिमीची पट्टी ६ मिमी आखूड येते. पॅटर्नवाल्याला आकसण्याची आणि मशिनिंगची वाढ धरून लाकडी साचा करायला सांगा. पट्ट्या घट्ट बसवू नका. तापल्यावर वाढायला टोकांशी जागा लागते. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि इंजेक्टरचे (बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या साधनाचे) भाग मात्र नजरअंदाजाने करण्याचे काम नव्हे.

प्रश्न : साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी केली आहे. दसऱ्याला एक दिवस इंजिन पेटवता येईल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : मोह आवरा. कारखान्याच्या वॉटर-ट्यूब बॉयलरमध्ये पाणी नळ्यांत असते. इंजिनात नळ्यांतून धूर जातो आणि पाणी नळ्यांभोवती असते. फायरबॉक्सच्या सपाट पत्र्यांना शेकडो स्टे (आतला नि बाहेरचा पत्रा जोडणाऱ्या आखूड सळया) धरून ठेवतात. अनेक स्टेंच्या टोकाला बारीक भोक असते. स्टे तुटला की तिथून पाणी झिरपून इशारा मिळतो. संग्रहालयातले रंगारी नेमकी हीच भोके पुट्टीने बुजवतात! वायपी या मीटरगेजच्या प्रवासी गाड्यांच्या इंजिनाचा दाब चौरस इंचाला २१० पौंड, आणि त्या दाबाला आतले पाणी २०० अंशांच्या आसपास तापलेले. पत्र्यांची जाडी मोजून, स्टे आणि नळ्या तपासून, पाण्याच्या दाबाची चाचणी आणि कायद्याने लागणारी बॉयलरची परवानगी झाल्याशिवाय काडी ओढायची नाही.

चाके-दांडे हलताना दाखवायचे असतील तर बॉयलर वगळून दाबाखालची हवा थेट सिलिंडरला द्या. सुरुवात २-३ किलो प्रति चौ. सेंमीपासून. त्याआधी सिलिंडर आणि बेअरिंगांत तेल घालून चाके हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहा, आणि पुढचा रूळ मोकळा ठेवा, कारण तेवढ्या दाबानेही इंजिन चालू लागते. जुन्या बॉयलरमध्ये मात्र हवा कधीच भरू नका. चाचणीच्या थंड पाण्याने भरलेला बॉयलर फुटला तर गळतो. हवेने भरलेल्याचा स्फोट होतो.

प्रश्न : पितळी शिटी आणि प्रेशर गेज चोरीला गेले. आता काय?
– एक कार्यकर्ती, लोंढा

उत्तर : उरलेले पितळी भाग आजच काढून कुलपात ठेवा. प्रत्येकावर नजरेआडच्या जागी नंबर पंच करा, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. इंजिनावर फायबरच्या प्रतिकृती लावा आणि तसे पाटीवर लिहा.