बिग टेनला 2000 नंतर 2025 पर्यंत विजेतेपद नाही, मग ही कॉन्फरन्स मोठी कशी?

बिग टेन ही अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधली एक कॉन्फरन्स, म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या कॉलेजांचा गट. तिच्यातल्या मिशिगन स्टेटने 2000 मध्ये जिंकलं. त्यानंतर 2025 पर्यंत बिग टेनच्या एकाही संघाला पुरुषांचं एनसीएए विजेतेपद (मार्चमधल्या देशभरच्या कॉलेज स्पर्धेचं) नाही, तरी अलीकडे बऱ्याचदा आठ-नऊ संघ स्पर्धेत असतात, मग हे मोठेपण कसलं, असा तुमचा प्रश्न. मी बिग टेनमधल्या पर्ड्यू विद्यापीठाचा. हाच प्रश्न माझे साडू मला दर मार्चमध्ये विचारतात. ते कनेक्टिकटला राहतात आणि यूकॉनचे, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाचे, कट्टर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या काळात बिग टेनचे संघ आठ वेळा अंतिम सामन्यात हरले. 2002 इंडियाना, 2005 इलिनॉय, 2007 ओहायो स्टेट, 2009 मिशिगन स्टेट, 2013 मिशिगन, 2015 विस्कॉन्सिन, 2018 पुन्हा मिशिगन, 2024 पर्ड्यू. आठदा तिथवर पोचणारी कॉन्फरन्स कच्ची म्हणायची असेल तर म्हणा बापडे.

आता 17 मार्च 2023. आम्ही सहकुटुंब साडूंकडे होतो. दुपारी यूकॉनने आयोनाला 87-63 असं लोळवलं, त्यामुळे घरात दिवाळी. संध्याकाळी आमचा सामना न्यू जर्सीच्या फेअरले डिकिन्सनशी, म्हणजे पहिलं मानांकन विरुद्ध सोळावं. हा संघ स्पर्धेत आला कसा तेही ऐका. स्वतःच्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ते मेरिमॅककडून एका गुणाने हरले होते, पण मेरिमॅक डिव्हिजन टू या खालच्या श्रेणीतून नुकतंच वर आलेलं, नियमाने अपात्र, म्हणून यांची वर्णी लागली. सरासरी उंचीने डिव्हिजन वनमधला सगळ्यात बुटका संघ. आमच्याकडे 7 फूट 4 इंचांचा झॅक ईडी. वहिनींनी विचारलं, जेवणं आधी उरकायची का? मी म्हटलं, अर्ध्या तासात निकाल लागेल, मग निवांत बसू.

त्यांनी काय केलं ते डोळ्यांसमोर आहे. ईडीच्या पुढे एक, मागे एक. पुढचा पोरगा त्याच्या छातीलाही लागत नव्हता, पण बॉल आत येण्याची वाटच त्याने अडवलेली. आमचे गार्ड, म्हणजे बाहेरून बॉल खेळवणारे, मोकळे उभे. मोकळे म्हणजे अगदी मोकळे, चहा पिऊन टाकावा इतके. 26 थ्री (लांबून तीन गुणांचे शॉट) मारले, 5 पडले. ईडीचे 21 गुण आणि 15 रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे पकडलेले बॉल), पण शेवटच्या नऊ मिनिटांत त्याच्या हातून एकही शॉट नाही. 63-58. सोळाव्या मानांकनाने पहिल्याला हरवण्याची पुरुषांच्या स्पर्धेतली ही दुसरीच वेळ. साडू उठले, फ्रिजवर लावलेल्या माझ्या ब्रॅकेटवर (स्पर्धेच्या निकालांच्या अंदाजाच्या तक्त्यावर) पेनाने पर्ड्यूची रेघ फायनलपर्यंत खोडत नेली आणि म्हणाले, "अहो, तुमची बिग टेन म्हणजे घरात वाघ, बाहेर शेळी!" न्यू जर्सीच्या मराठी ग्रुपवर तोवर 'आपल्या गावचं कॉलेज जिंकलं' म्हणून मेसेज सुरू झाले होते. त्यातल्या निम्म्यांना ते कॉलेज बास्केटबॉल खेळतं हे त्या दिवशीच कळलं असणार.

पुढच्या वर्षी पर्ड्यू अंतिम सामन्यात पोचलं, 1969 नंतर पहिल्यांदा. समोर कोण, तर यूकॉन. 75-60 असे हरलो. ईडीने एकट्याने 37 गुण केले, पण यूकॉनने दुहेरी पहारा न लावता त्याला करू दिले आणि आमच्या गार्डांना बाहेर मोकळं सोडलंच नाही. संपूर्ण सामन्यात थ्री मारायला मिळाले सात, पडला एक. साडूंनी त्या रात्री फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी केला.

माझं उत्तर त्यांना आणि तुम्हाला एकच. विजेतेपद कॉलेजचं असतं, कॉन्फरन्सचं नसतं. कॉन्फरन्सचा हिशेब एनसीएए स्वतः वेगळा करते: अंतिम सामना सोडून खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागे एक 'युनिट', आणि त्याचे पैसे सहा वर्षं येत राहतात. म्हणजे तुमचे संघ मिळून किती सामने खेळले ते मोजलं जातं. करंडक कपाटात कुणाच्या आहे याला तिथे भाव नाही. शिवाय कॉलेजं कॉन्फरन्स बदलतात. मेरीलँडने 2002 मध्ये जिंकलं ते एसीसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये असताना, बिग टेनमध्ये ते 2014 साली आलं. ते आमच्यात धरायचं का? 2013 मध्ये मिशिगनला हरवणाऱ्या लुईव्हिलचं विजेतेपद 2018 मध्ये काढून घेतलं गेलं. ते कुणाच्या खात्यात?

हां, एक मात्र कबूल करायलाच हवं. 2021 ते 2023 ही तीन वर्षं खरोखर लाज आणणारी होती. तीन स्पर्धांत मिळून 26 संघ आणि स्वीट सिक्स्टीनमध्ये, म्हणजे शेवटच्या सोळांत, चार. 2021 मध्ये ओहायो स्टेट ओरल रॉबर्ट्सकडून हरलं, इलिनॉय लोयोला शिकागोकडून, आणि 2022 मध्ये आम्ही सेंट पीटर्सकडून. याला नशीब म्हणून सुटका नाही. त्या काळात आपल्या बहुतेक चांगल्या संघांचा डाव बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच सेंटरभोवती बांधलेला असायचा. एकमेकांविरुद्ध तो चालायचा, पण प्रेस करणारे, म्हणजे अंगावर येऊन दबाव टाकणारे, चपळ गार्ड समोर आले की बॉल आतच जाईना. 2025 मध्ये चित्र बरंच बदललं, आठच्या आठ संघांनी पहिली फेरी जिंकली. महिलांचा विषय मी मुद्दाम काढत नाही, कारण तिथे यूकॉनची 12 विजेतेपदं आहेत आणि साडू हे वाचतात.

ब्रॅकेट भरताना कॉन्फरन्सचं नाव बघू नका. दबावात बॉल सांभाळणारा गार्ड कुणाकडे आहे आणि बाहेरून किती पडतात, एवढं बघा. आणि कुणी यूकॉनच्या बिग ईस्ट कॉन्फरन्सची विजेतेपदं मोजताना यूकॉनचं 2014 चं त्यात घालायला लागला, तर तेव्हा यूकॉन अमेरिकन अॅथलेटिक कॉन्फरन्समध्ये होतं, बिग ईस्टमध्ये ते 2020 साली परतलं, हे त्याला शांतपणे सांगा. आमच्याकडे या मुद्द्यावर अजून उत्तर आलेलं नाही.