चेहरा लाल होण्याची धास्ती: उपचार नुकते सुरू केलेल्यांसाठी

आधी एक सांगतो, लाली थांबवायच्या मागे लागू नकोस. चेहऱ्यातल्या रक्तवाहिन्या आपलं ऐकत नाहीत. ‘झालो का लाल?’ असं मनात चाचपत बसलास की गाल आणखीच तापतात. सीबीटीमध्ये, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायच्या मानसोपचारात, लक्ष बाहेर वळवायचा सराव असतो. कुणीतरी दोन मिनिटं बोलतं, आपण ऐकून त्याचा सारांश सांगायचा. आधी पाठमोरं बसून, मग समोरासमोर. कंटाळवाणं वाटेल, पण जमतं. गालावर हात, गळ्यापर्यंत स्कार्फ, मुद्दाम अंधाऱ्या कोपऱ्यात बसणं हे एकेक करून सोड. औषधांचं मनोविकारतज्ज्ञांना विचार. एसएसआरआय या नैराश्य-चिंतेवरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. लाली थांबवायला छातीतला मज्जातंतू कापायच्या ऑपरेशनची मात्र घाई नको. त्यानंतर पाठीला, पोटाला कायमचा घाम सुटू शकतो.